डी ड्राइव्ह राहणार नाही, एवढं सांगता आलं असतं

मंडळी, आज दुपारी जुन्या कॉम्प्युटरवर पहिल्यांदाच विंडोजऐवजी लिनक्स टाकलं. आधी याच ग्रुपवर विचारलं होतं, "'सगळी डिस्क पुसा' निवडलं तर डी ड्राइव्ह राहील ना?" आमच्या विश्रांतवाडीतला दुकानदार विंडोज टाकताना फक्त सी पुसतो, म्हणून जपायचं ते सगळे डीमध्ये ठेवतात.

ग्रुपमधले एक जाणकार सर म्हणाले, "स्क्रीनवर लिहिलंय. वाचता येत असेल तर वाचा." दुसरे म्हणाले, "अहो, किती घाबरता? बिनधास्त पुढे जा." मी गेलो.

डी पुसला गेला. त्यात बाबांनी गायलेली भीमगीतं होती. घशाच्या ऑपरेशननंतर त्यांना गाता येत नाही.

हे कळवल्यावर तेच सर विचारतात, "बॅकअप नव्हता? कमाल आहे."

मी बारावी नापास आहे, म्हणूनच विचारून करतो. "नाही, राहणार नाही" एवढं लिहायला तुमचं काय जात होतं?

कॉम्प्युटर तेव्हापासून बंद ठेवलाय. गाणी परत मिळवता येतील का, हे कुणाला ठाऊक असेल तर कृपया सांगा. बाबा मघाशी म्हणाले, "झालं का तुझं? मग माझं एखादं गाणं लाव."