राजकुमार वांग दाम यांची दुसरी सोयरीक

गेग्योंग या राजधानीतल्या राजघराण्यात वांग दाम नावाचे एक राजकुमार होते. राजकुमार म्हणजे नावालाच. गादी त्यांच्यापासून इतकी लांब होती, की त्यांना विष घालायचंही कधी कुणाच्या मनात आलं नाही. सोंगाक डोंगराच्या पायथ्याशी ते ससाणे पाळायचे, दुपारी झोपायचे आणि बायकोला, ह्वायोन राजकन्येला, वचकून असायचे.

त्या घराण्यात मुली बाहेर देत नसत. घरातल्या घरातच सोयरिकी. दाम तान्हे असताना त्यांची आई गेली, तेव्हा वडिलांनी आपल्याच सावत्र बहिणीशी लग्न केलं. त्या ओकरान. विधवा होत्या, पदरात तान्ही मुलगी होती. दोन्ही बाळांना त्यांनी अंगावर पाजलं, आणि मोठी झाल्यावर दोघांचं एकमेकांशी लग्न लावून दिलं. ती मुलगी म्हणजेच ह्वायोन. तर ओकरान या दाम यांच्या आत्या, सावत्र आई, दूधआई आणि सासू. दाम त्यांना नुसतं ‘आई’ म्हणायचे. भूक लागली की त्यांच्या दालनात जाऊन बसायचे, आणि त्या या दाढीवाल्या लेकाला स्वतः फुंकर घालून पेज द्यायच्या.

वडील कधीच वारले होते. आता ओकरान गेल्या आणि विधीखात्याचे अधिकारी बेक छोल दारात उभे राहिले.

“सुतक कोणत्या नात्यानं धरणार, राजकुमार?”

“आई गेलीय माझी.”

“ते झालंच. पण आत्याही गेल्यात. सासूबाईही. एकीचं पाळून दुसरीचा अपमान कसा करायचा?”

मग दाम यांच्यासाठी सुतकाचा तागाचा एक अंगरखा शिवला गेला. नातं जितकं जवळचं, तितकं कापड खरखरीत. डावी बाही जाडीभरडी, आईसाठी. उजवी बारीक विणीची, आत्यासाठी. पाठ त्याहून मऊ, सासूसाठी. देवळात मुलगा म्हणून त्यांनी पुढे उभं राहायचं, भाचा म्हणून बाजूला, जावई म्हणून मागे. भिक्षूंचे मंत्र चालू असताना दाम नुसते पळत होते. हुंदका आला की बेक छोल कानाशी येत, “हळू, हळू! आता आपण जावई आहात. जावयानं एवढा गळा काढायचा नसतो.” पुढे जाऊन मुलगा होईपर्यंत हुंदका जिरून जायचा. चिता विझली तरी दाम यांचे डोळे कोरडेच.

एवढ्यावर भागलं नाही. बेक छोल यांनी निकाल दिला, “एकाच आईचं सुतक पाळतात ती भावंडं. सुतक फिटेपर्यंत आपण आणि राजकन्या भाऊबहीण.”

“बरं झालं,” ह्वायोन म्हणाली. “दादा, तुमचं अंथरूण ससाण्यांच्या खोलीत घाला.”

“दादा काय म्हणतेस!”

“मग काय म्हणू? लहानपणी म्हणतच होते की!”

त्यांचा मुलगा जिन चांगला घोडदळात होता. त्याला बापाला मामा म्हणावं लागलं. मामा म्हटलं की घोडा मागायला सोपं जातं, हे त्याच्या लगेच लक्षात आलं.

सुतक फिटलं. दाम अंथरूण काखोटीला मारून बायकोच्या दालनाकडे निघाले, तर बेक छोल आडवे.

“भाऊबहीण झालात तेव्हाच आधीचं लग्न मोडलं. रीतसर मागणी घाला.”

मध्यस्थ बाई अंगण ओलांडून मागणी घेऊन गेली. ह्वायोन पाटावर ताठ बसली होती.

“मुलगा काय करतो?”

“ससाणे पाळतो.”

“घोरतो म्हणे?”

“तसं कानावर आहे,” मध्यस्थ म्हणाली.

“पहिली बायको होती ना? ती काय म्हणते?”

अंगणापलीकडून दाम ओरडले, “ती नको म्हणत असेल तर नाही करत मी लग्न!”

“तापट दिसतो,” ह्वायोन म्हणाली. “विचार करून कळवते.”

ती विचार करत राहिली आणि दाम ससाण्यांत झोपत राहिले. शेवटी कडाक्याची थंडी पडली, तेव्हा तिनं होकार धाडला. वधूपक्षाकडून जिन उभा राहिला. आईचं कन्यादान त्यानं गंभीर चेहऱ्यानं केलं.

नवराबायको वडीलधाऱ्यांना वाकायला वळले. दोन्ही घरांच्या वडीलधाऱ्या एकट्या ओकरान, आणि त्यांचं आसन रिकामं. दाम वाकले ते वर उठेनातच. आधी खांदे हलले, मग आवाज फुटला. पाहुण्यांच्या हातातले तांदळाच्या दारूचे पेले तसेच राहिले.

बेक छोल लगबगीनं पुढे आले. “राजकुमार, हे कोणत्या नात्यानं?”

“अहो, तुम्ही जेवायला बसा बरं!” ह्वायोननं त्यांना बाजूला सारलं. मग लग्नाच्या जड पोशाखासकट ती दाम यांच्याशेजारी जमिनीवर बसली आणि त्यांच्याहून मोठ्यानं रडू लागली. स्वयंपाक्यानं दोनदा येऊन पाहिलं, परत गेला. सगळं पुन्हा गरम करावं लागलं.

रिवाजाप्रमाणे जावई म्हणून दाम सासरी राहायला गेले, म्हणजे अंगणापलीकडे. ससाणे मात्र ह्वायोननं येऊ दिले नाहीत. पुढची बरीच वर्षं दोघं तिथं भांडत, जेवत, सुखानं राहिली, आणि जिन चुकून मामा म्हणाला की दाम अजूनही घोडा द्यायचे.