आधी पाठ बघू

अतिदक्षता विभागात शिरलेला माणूस आधी मशीनकडे बघतो. तुम्हीही बघाल. हिरव्या रेघा, आकडे, टुकटुक आवाज. डॉक्टर तेच बघतात, काचेबाहेरून नातेवाईकही तेच बघतात. आमच्या सिस्टर तेवढ्या मशीनकडे ढुंकूनही न बघता पेशंटच्या अंगावरची चादर बाजूला करायच्या आणि सोबतच्या मुलीला म्हणायच्या, "धर गं खांदा. आधी पाठ बघू."

मी त्या रुग्णालयात रेकॉर्ड सांभाळतो. रुग्णालय नगरमधलं आहे, नाव सांगत नाही. फॉर्म तयार करायचे, फायली लावायच्या आणि रुग्णालयाच्या तपासणीला येणाऱ्या लोकांपुढे त्या नीटनेटक्या मांडायच्या, हे माझं काम. नगरचं अहिल्यानगर झालं तेव्हा सगळे फॉर्म नव्याने छापून घेतले तेही मीच. वडील शिक्षक, आजोबा कचेरीत कारकून, त्यामुळे वळणदार अक्षर घराण्यात चालत आलेलं. आणि मला किळस फार. शेजारी कुणी खाकरलं तरी माझा घास अडतो. असा माणूस रुग्णालयात नोकरीला का लागला, असं तुम्ही विचाराल. कागदाला वास नसतो, एवढाच विचार मी तेव्हा केला होता.

सिस्टर पन्नाशीच्या, कोपरगावकडच्या शेतकरी घरातल्या. ठेंगण्या, रुंद मनगटांच्या. मी नाकाला रुमाल लावून विभागात शिरलो की त्या मान वर न करता म्हणायच्या, "आले का रुमालवाले साहेब?"

बेशुद्ध माणसाच्या घशातला कफ काढतानाही त्या त्याच्याशी बोलत. "दादा, नळी घालते आता. खोकला येईल, येऊ द्या. घाबरायचं न्हाई." मग तो कफ बाटलीत किती पिवळा, किती हिरवा हे उजेडात धरून बघायच्या आणि वर वासही घ्यायच्या. मी रुमाल आणखी घट्ट दाबून मागे सरायचो.

"अहो सिस्टर, काय हे!"

"नाक काय नुस्तं चष्मा ठिवायला दिलंय का देवानं? ह्यांना उद्या ताप येनार हाय. मला आज कळलं. तुमच्या मशीनला उद्या कळंल."

दुसऱ्या दिवशी ताप आलेला असायचा. दर वेळी नाही, पण बहुतेक वेळा.

एकदा एका आजींच्या कमरेखाली त्यांना इंजेक्शनच्या सुईचं टोपण सापडलं. बोटाच्या पेराएवढं प्लॅस्टिक. आजी अर्धांगाच्या, त्यांना ना सांगता येत होतं ना सरकता. मी सहज म्हणालो, "एवढंसं तर आहे." सिस्टरांनी ते टोपण खुर्चीवर ठेवलं आणि मला त्यावर बसवलं. "हलायचं न्हाई. दोन तास." पाच मिनिटांत माझी चुळबुळ सुरू झाली, आठव्या मिनिटाला मी उठलो. विभागातल्या मुली तोंडावर हात ठेवून हसत होत्या. सिस्टर हसल्या नाहीत. आजींच्या कमरेवरचा लाल वळ दाखवत म्हणाल्या, "ह्या सकाळपासनं बसल्यात त्यावर."

आमचं खरं भांडण तक्त्यावरून होतं. ज्याला स्वतःहून हलता येत नाही त्याची कूस दर दोन तासांनी बदलायची असते. एकाच जागी भार राहिला की कातडी मरते, मग आतलं मांस सडतं. त्यासाठी मी तक्ता केला होता. दोन, चार, सहा, आठ, असे छापील चौकोन. बाकीच्या मुली त्यात बरोबरच्या खुणा करायच्या. सिस्टर चौकोनाबाहेर लिहायच्या, 'दोन वाजून वीस', 'पाच वाजायला दहा कमी'.

"सिस्टर, तपासणीत हे बरं दिसत नाही."

"दोनला मी तिकडच्या खाटेवर हुते. दोन कुठनं लिवू?"

"तेवढं चालतं हो."

"कुनाला चालतं? ह्यांना इचारलं का?" असं म्हणून त्या पेशंटकडे बोट दाखवायच्या. मी चिडून तक्ता उचलायचो आणि माझ्या खोलीकडे निघायचो.

गेल्या साली सुप्याच्या एमआयडीसीतला एक कामगार आमच्याकडे आला. चाळिशीचा, धडधाकट. नसांचा आजार. पायांपासून लुळेपणा चढत छातीपर्यंत गेला. श्वास मशीनवर, गळ्याला भोक पाडून नळी घातलेली, त्यामुळे बोलणं बंद. हातपाय मेलेले, पण शुद्ध पूर्ण. सगळं ऐकू यायचं, सगळं दुखायचं. हलायच्या त्या फक्त पापण्या. त्याची बायको बाहेरच्या बाकावर असायची. ती दिसली की सिस्टर सांगायच्या, "ताई, हा आजार उतरतो. महिने लागत्यात, पर उतरतो. तवर आपन ह्यांची पाठ सांभाळायची. पाठ सडली की इख रक्तात जातं, मग बरा हुनारा मानूस बी जातो."

सिस्टरांनी आणि त्याने एक भाषा ठरवली होती. होय असलं की एकदा डोळे मिटायचे, नाही असलं की दोनदा. सिस्टर त्याला काहीबाही विचारत राहायच्या. टाच दुखते का, घाम आलाय का, बायकोवर रागवलाय का. हातमोज्यात पाणी भरून त्याची उशी त्याच्या टाचेखाली ठेवायच्या. दीड महिन्यात त्याच्या अंगावर एक लाल डागही नव्हता.

मग दोन गोष्टी एकदम आल्या. सिस्टरांच्या भाचीचं लग्न, आणि आमची तपासणी. सिस्टर चार दिवस कोपरगावला गेल्या. जाताना मुलींना त्याच्या खाटेजवळ उभं करून चादर कशी ओढायची, उशी कुठे लावायची, सगळं पुन्हा करून दाखवलं. आणि मी काय केलं ते आता सांगतो. मागच्या सहा महिन्यांचे तक्ते अर्धवट होते. मॅनेजरकडे जाऊन मी विभागातल्या त्या मुलींपैकी दोघी मागून घेतल्या आणि चार दिवस माझ्या खोलीत बसवल्या. त्या बसून रिकाम्या चौकोनांत खुणा करत होत्या. कूस बदलली, कूस बदलली, कूस बदलली. त्या कूस बदलायला विभागात नव्हत्या, कारण त्या माझ्याकडे 'कूस बदलली' असं लिहीत होत्या. हे मला तेव्हा सुचलं नाही. सुचलं असतं तरी मी काही वेगळं केलं असतं असं आता छातीठोकपणे म्हणवत नाही.

चार दिवसांनी सिस्टर आल्या. हातावरची मेंदी अजून ताजी होती. मी खाटेच्या पायाशी फाईल घेऊन उभा होतो. चार दिवसांचे सगळे चौकोन भरलेले, एकही खूण रेषेबाहेर नाही. मी म्हणालो, "बघा सिस्टर, तुमच्या माघारी एकही चुकलं नाही."

त्यांनी फाईलकडे बघितलंही नाही. दारातच थबकून त्यांनी हवेत वास घेतला. तपासणी जवळ आली म्हणून विभागात मोगऱ्याचा फवारा मारलेला होता. "आधी पाठ बघू," त्या म्हणाल्या, पण आवाज नेहमीचा नव्हता.

त्याला कुशीवर घेतलं. माकडहाडावर तळहाताएवढी जागा काळी पडली होती. कडा पिवळ्या, ओल्या. चादर चिकटली होती, ती सुटताना कातडी बरोबर आली. सडक्या मांसाचा वास आणि वर मोगरा. मी बेसिनपाशी धावलो आणि ओकलो. त्या दिवसापासून देवघरातला मोगराही मला सहन होत नाही.

परत आलो तेव्हा सिस्टर त्याच्या तोंडाजवळ वाकल्या होत्या. "दादा, मी गेल्यावर तुमाला वळवलं का?"

त्याने डोळे मिटले. पुन्हा मिटले.

"एकदा बी न्हाई?"

पापणी एकदाच मिटली.

सिस्टरांनी तेव्हा कुठे माझ्या हातातून फाईल घेतली. माझ्या त्या देखण्या चौकोनांवर आडवं लिहिलं, आणि लिहिता लिहिता त्याला ऐकू जाईल असं मोठ्याने वाचलं. "चार दिवस कूस बदलली नाही असं पेशंटने डोळ्यांनी सांगितलं. पाठीला जखम आहे." खाली सही आणि वेळ. नऊ वाजून सतरा मिनिटं. मुलींना त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मला म्हणाल्या, "ह्यांच्या वाटचे हात हुते ते. तुमी तुमच्या टेबलावर नेले."

दुपारी मॅनेजरने बोलावलं. "ते पान बदला." मी एकदाही 'नाही' म्हणालो नाही. ते पान फाडलं आणि नवं घेतलं. तीन वेगळी पेनं वापरली, म्हणजे तीन पाळ्या वाटाव्यात. मध्ये एक खूण मुद्दाम वाकडी केली, खरी वाटावी म्हणून. कफाची बाटली बघून मला ओकारी यायची, पण हे करताना काही झालं नाही. करून झाल्यावर मी डबा खाल्ला.

तपासणीची मंडळी आली. ती विभागात दहा मिनिटं होती आणि मीटिंगच्या खोलीत तीन तास. काजूकतली खात त्यांनी माझ्या फायली चाळल्या. एकाने तो तक्ता इतरांना दाखवला आणि म्हणाला, "असं रेकॉर्ड पाहिजे." सिस्टरांना त्या दिवशी कपड्यांच्या गोदामात चादरी मोजायला पाठवलं होतं. मी हात जोडून हसलो. ते हसणं आठवलं की अजून स्वतःची शिसारी येते.

संध्याकाळी सिस्टर माझ्या खोलीत आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. फाईल उघडली, पान बघितलं. मला वाटलं आता तोंडावर फेकतील. त्या एवढंच म्हणाल्या, "अक्षर लई सुरेख हाय तुमचं."

त्यानंतर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मला रुमालवाले साहेब म्हणणंही बंद झालं, आणि ते मला लागलं. नियम मोडून त्यांनी त्या माणसाच्या बायकोला आत घेतलं आणि त्याला वळवायला शिकवलं. डॉक्टरांनी मेलेलं मांस कापून काढलं. रोजची जखम सिस्टर स्वतः धुवायच्या, सुट्टीच्या दिवशीसुद्धा येऊन. मधे दहा दिवस त्याला ताप चढला, रक्तात विष गेलंच होतं. बायकोला डॉक्टरांनी मन घट्ट करायला सांगितलं. त्या दहा दिवसांत सिस्टर घरी फक्त आंघोळीला गेल्या असतील. ताप उतरला. जखम आतून भरत आली, मशीन सुटलं, त्याला साध्या वॉर्डात हलवलं. दुसऱ्या दिवशी सिस्टर कामावर आल्या नाहीत. राजीनामा टपालाने आला. निरोप समारंभ नाही, हार नाही. कुणी म्हणतं त्या कोपरगावला आहेत, कुणी म्हणतं पुण्यात. फोन लागत नाही.

परवा तो माणूस माझ्यासमोर येऊन उभा राहिला. हातात काठी, सोबत बायको. गळ्यावर भोकाचा वण. कंपनीत द्यायला कागदांच्या नकला हव्या होत्या. मी दिल्या. तो बाकावर बसून एकेक पान वाचू लागला. एवढं कुणी वाचत नाही.

"साहेब, ह्यात एक कागद न्हाई."

"सगळे आहेत. पानांवर आकडे आहेत, बघा."

"सिस्टरनी लिवलेला. मला वाचून दाखवला हुता." मग त्याने माझं पान वर केलं. "हितं तर लिवलंय, मला येळच्या येळी वळवलं. कुनी लिवलं हे?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

"मग सिस्टरलाच इचारतो. कुठं असत्यात त्या?"

"त्या आता इथे नाहीत."

त्याने त्या पानावर बोट ठेवलं. "साहेब, तीन महिने माझ्या तोंडातनं शब्द न्हवता. त्यात मी एवढंच बोललो हुतो. त्यांनी ते लिवून घेतलं हुतं."

त्याने ते पान बाकीच्या कागदांतून काढलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं. "हे दुसऱ्या कुनाचं असंल. ठिवा तुमच्याकडं."

बायकोच्या खांद्याला धरून तो जिना उतरू लागला. एकेका पायरीला त्याला थांबावं लागत होतं. मागून जाऊन खरं सांगायला तेवढा वेळ भरपूर होता. मी खुर्चीतून उठलो नाही.