आग्रहाचं यंत्र

आमचे दाजी माणसांशी मराठीत बोलत आणि यंत्रांशी कानडीत. सोलापुरात सात रस्त्याजवळ त्यांचं शेतीपंपाच्या इंजिनांच्या सुट्या भागांचं दुकान होतं. नाव सिद्रामप्पा, पण बाजारात सगळे नुसतं अप्पा म्हणत. बंद पडलेलं इंजिन घेऊन कोणी शेतकरी आला, की दाजी त्याला बाकड्यावर बसवत, चहा सांगत आणि स्वतः इंजिनापाशी उकिडवे बसून हलक्या आवाजात ‘बा, बा’ करत. बा म्हणजे ये. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, हे इंजिनाला बाबापुता करतायत. आम्ही लिंगायत खरे, पण बार्शीकडचे; घरात कानडीचा गंध नाही. माझी थोरली बहीण, म्हणजे अक्का, लग्न होऊन दाजींच्या घरी आली आणि बघता बघता कानडी शिकली. मी पाटबंधारे खात्यात कारकून म्हणून सोलापुरात आलो, त्यांच्याच घरी राहिलो, पण ‘साक’ या एका शब्दापुढे माझी मजल गेली नाही. साक म्हणजे पुरे.

तो शब्द शिकल्यावाचून त्या घरात निभाव लागला नसता. पाहुण्याचं पोट भरलं की नाही, हे तिथे पाहुण्यानं ठरवायचं नसे. तुम्ही ताटावर हात आडवा धरला, की दाजी त्या हाताच्या फटीतून शेंगाचटणी सोडत आणि वर दही. “पोटाला इचारून जेवनारा मानूस काय कामाचा?” ते म्हणत. “पोट लई आळशी असतंय. त्येला ढकलावं लागतंय.” अक्का तव्यावरून भाकरी टाकत राही आणि हसत राही. मी तिला त्या दिवसांत जितकं हसताना पाहिलं, तितकं नंतर नाही.

मग ती गाडी आली. आफ्रिकेतून परतलेल्या एका व्यापाऱ्यानं बोटीवरून आणलेली जपानी गाडी. बिघडली तेव्हा कोणी मिस्त्री हात लावेना, म्हणून फिरत फिरत दाजींच्या गळ्यात पडली. तिच्या इंजिनात खालीवर होणारे दट्टे नव्हतेच. एका पिंपात तिकोनी लोखंड गरगरा फिरे. दाजींनी ते उघडलं आणि दिवसभर दुकानात गिऱ्हाईक घेतलं नाही. संध्याकाळी मला म्हणाले, “मल्लू, बाकीची इंजिनं कुटत्यात. ह्ये दळतंय. जात्यागत.”

दळणारं इंजिन त्यांनी चालू केलं, पण समाधान होईना. चढावर गाडी दमायची. “आपल्या आपन जेवढी हवा वडतंय तेवढ्यावरच भागवतंय ते,” दाजी म्हणाले. “आग्रह कराया पायजे.” रस्त्याच्या कामावरचं एक परदेशी डिझेल यंत्र तेव्हा मोडीत निघालं होतं. त्यातून त्यांनी शंखाच्या आकाराचं एक ओतीव धूड आणलं. टर्बो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरानं त्याचा एक पंखा फिरतो, त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा इंजिनात हवा कोंबतो. पेट्रोल महागलं म्हणून गावातले लोक गाड्यांत डिझेल इंजिनं बसवून घेत होते आणि आमचे दाजी पेट्रोल पिणाऱ्या गाडीला आणखी पाजायच्या मागे लागले होते. घरात त्या धुडाला टर्बो कोणी म्हटलं नाही. ‘आग्रहाचं यंत्र’ हेच नाव पडलं.

मी जन्मजात भित्रा. घोड्याच्या मागून जात नाही, विहिरीत डोकावत नाही, फटाका दुसऱ्यानं लावला तरी कान मीच झाकतो. पण या यंत्राची भीती वेगळीच होती. अंगणात दाजींनी इंजिन चालू करून बॉनेट उघडलं, तेव्हा तो शंख हळूहळू लाल होत गेला. तापलेल्या तव्यासारखा नव्हे, थेट निखाऱ्यासारखा. वीतभर अंतरावर पेट्रोलची नळी. वंगणाचा एखादा थेंब त्यावर पडे आणि फस्सकन धूर निघे. शेजारची माणसं गच्चीवरून बघत होती, ती एकेक करून खाली गेली. अक्का दारात उभी होती. तिनं पदराचं टोक दातात धरलं होतं.

“अहो, ते पेटलं तर?” तिनं विचारलं.

“पेटलं तर इझवू की.”

त्या रात्री ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, “मल्लू, ते गाडी काढतील तवा तू बाजूला बसायचं. तू बसलास की हळू चालवतील.” मी भित्रा आहे हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. म्हणूनच तिनं मला निवडलं. मला नाही म्हणता आलं नाही.

अशा रीतीनं मी त्या गाडीचा कायमचा उतारू झालो. माझ्यापुढे दाजींनी दाब दाखवणारं एक घड्याळ बसवलं होतं आणि त्यावर लाल रेघ ओढली होती. काटा रेघेला टेकला की मी ‘साक’ म्हणायचं, दाजींनी पाय उचलायचा. मंगळवेढ्याचा रस्ता सरळ, म्हणून आम्ही तिकडे जात असू. दाजी पाय दाबत. क्षणभर काहीच होत नसे. मग मागून कोणीतरी ढकलल्यासारखी गाडी सुटे, शीळ वाजू लागे आणि माझं पोट मागच्या सीटवर जाऊन बसे. काटा रेघेपासून लांब असतानाच मी साक, साक म्हणून ओरडत असे. दाजींना सगळं कळत होतं, पण ते पाय उचलत. “भीती म्हंजे पोटातला वारा,” ते म्हणत. “ओवा खा, जाईल.”

हुरड्याच्या दिवसांतली गोष्ट. इंजिनातून बारीक टकटक ऐकू येते असं दाजींना वाटू लागलं होतं आणि चालवताना ती नीट पकडता येत नव्हती. मंगळवेढ्याच्या अलीकडे त्यांनी गाडी थांबवली. “आज तू चालव. मी काटाबी बघतो, आन् कानबी देतो.” गाडी चालवायला मला त्यांनीच शिकवलं होतं, पण दुसऱ्या गाडीवर. घाम पुसत मी बसलो. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी, रस्ता मोकळा. दाजी डोळे मिटून, कान पुढे करून बसले. “दाब,” म्हणाले. मी दाबलं. शीळ सुरू झाली. टकटक मलाही ऐकू आली, वाटाणे भाजताना येते तशी.

तेवढ्यात पुढे शेतातून एक बैलगाडी रस्त्यावर चढली. दाजींनी डोळे उघडले. काटा रेघेच्या पलीकडे होता.

“हाक!” ते ओरडले.

आमच्या बार्शीत गाडी हाकतात. बैलगाडी हाकतात, मोटारही हाकतात. हाक म्हटलं की मी हाकली. पाय होता तिथून थेट तळाला गेला. पुढच्या क्षणी त्या यंत्रानं असा काही आग्रह केला, की स्टिअरिंग माझ्या हातात आहे की मी त्याच्या, हे कळेना. बैलाचं शिंग मला स्पष्ट दिसत होतं, त्याला बांधलेला लाल गोंडाही दिसत होता.

“हाक, हाक! ब्रेक हाक!”

त्यातला ब्रेक मला समजला. त्याच क्षणी इंजिनात फाटकन काहीतरी मोडलं, शीळ तुटली, गाडीचा जोर गेला आणि आम्ही घसरत, आडवे होत ज्वारीत शिरलो. कणसं काचेवर आपटली. मग सगळं गप्प झालं.

गाडीवान खाली उतरला, बैलांच्या पाठीवरून हात फिरवून आमच्यापाशी आला. खिडकीत वाकून म्हणाला, “हुरड्याला आलाव व्हय?”

मला हसू फुटलं आणि थांबेना. दाजी हसले नाहीत. दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून बसले होते. कानडीत ब्रेक ‘लाव’ला ‘हाक’ म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. जन्मभर माणसांशी मराठीत बोलणारा माणूस त्या घडीला मराठी विसरला होता. “भ्यालो रे मल्लू,” ते म्हणाले. “लई भ्यालो. तुला काय झालं असतं तर तिला काय तोंड दाखवलं असतं मी?” आणि मग अगदी बारीक आवाजात, “ती रोज आसंच भीत असंल का रे?”

दर खेपेला गाडी परतेपर्यंत दारात उभी असलेली अक्का मी पाहिलेली होती.

आम्ही ट्रकच्या मागे गाडी बांधून घरी आलो. अक्कानं सगळं ऐकून घेतलं. माझ्या कपाळावरचं खरचटलेलं पुसलं. पाटपाणी केलं. दाजींच्या ताटात एक भाकरी वाढली. ती संपली. दाजी खाली बघून बसून राहिले. अक्का चुलीपाशी बसून होती, टोपल्यात भाकरी होत्या, तिनं ‘आणखी वाढू?’ म्हणून विचारलं नाही. त्या घरात असं कधी घडलं नव्हतं. दाजी रिकाम्या ताटाकडे बघत राहिले, मग उठले, हात धुतला आणि कंदील घेऊन अंगणात गेले. पान्ह्यांचा आवाज येऊ लागला. तो शंख त्यांनी तेव्हाच उतरवला.

इंजिनात त्या तिकोनी लोखंडाच्या कोपऱ्यावर बारीक पट्ट्या असतात. आग्रह अती झाला की त्याच आधी मोडतात. त्या आपल्याकडे मिळाल्या नाहीत. दाजींनी पुढे त्या गाडीत डिझेलचं इंजिन बसवलं आणि ती धडधडत, काळा धूर सोडत, कोणालाही न भिववता धावू लागली. निदान मला तरी भिववत नव्हती. अक्काचं तसं नव्हतं. दाजी सायकलवरून भाजी आणायला गेले तरी तिचा एक कान रस्त्याकडे असे. उशीर झाला की मला म्हणायची, “बघून ये रे जरा.” मी वैतागायचो, जायचो. दाजी कोपऱ्यावर कोणाशी तरी बोलत उभे असायचे. मला पाहिलं की गप्पा अर्ध्यावर टाकून निघायचे. हा बदल त्यांच्यात त्या दिवसानंतर झाला होता. मूळचा माणूस गप्पा अर्ध्यावर सोडणाऱ्यांतला नव्हता.

दाजी गेले ते दुकानात, बसल्या जागी. गाडी नाही, आग नाही, रस्ता नाही. समोरच्या शेतकऱ्याला वायसरचं माप विचारता विचारता मान कलली. अक्कानं ज्या ज्या मरणांची भीती धरली होती, त्यांतलं एकही ते नव्हतं.

त्यानंतर काही महिन्यांनी मी तिच्याकडे राहायला गेलो होतो. दिवस कलला होता. ती अंगणात शेंगा फोडत बसली होती, मी शेजारी. रस्त्यानं एक मोटार जोरात गेली. मी सवयीनं तिच्याकडे बघितलं. तिनं मान वर केली नाही, हातही थांबला नाही.

“अक्का, आता भीती न्हाई वाटत?” मी विचारलं.

“कुनाची वाटंल?” ती म्हणाली. “ज्येच्यासाठी भ्यायचं त्यो गेला की.” आणखी एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. “जल्मभर मी म्हनत हुते, देवा, येकदा तरी निवांत बसू दे. आता बसलेय बघ निवांत. आन् मल्लू, ह्ये मला सोसंना रे.”