सुमनचा झेंडू

दसऱ्याला तोरण ओवताना झेंडूचा उग्र वास बोटांना लागतो, आणि मला मखमलाबादची सुमन आठवते.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस नाशिकच्या आमच्या बालवाडीसाठी मी नवा अभ्यासक्रम तयार केला होता. घोकंपट्टी नाही, सगळं मुलाच्या कलानं. ‘काय खेळायचं ते मूल स्वतः निवडेल,’ हे त्यातलं पहिलं वाक्य. तो पाहायला संस्थेची माणसं येणार होती, म्हणून त्या सकाळी मी नवे ठोकळे मांडून ठेवले होते.

चार वर्षांची सुमन मात्र भिंतीशी बसून, फ्रॉकच्या ओच्यातून आणलेल्या झेंडूचे वाटे लावत होती. तिची आई फुलबाजारात बसायची. मला बघून सुमन अगदी आईच्या सुरात म्हणाली,

“घ्या ना बाई, लय ताजा हाय! भवानीच्या वेळेला नाय म्हणू नका.”

मला हसू आलं. तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. मी घाईघाईनं फुलं गोळा करून कपाटावर टाकली आणि तिला ठोकळ्यांपुढे बसवलं. “आता हे खेळ. शहाणी ना तू?”

“मुलं काय रमलीयेत हो!” पाहुणे म्हणाले. मी ते कौतुक मुकाट्यानं घेतलं. इतकी वर्षं हे कुणाला सांगितलं नाही.

सुमननं पुन्हा फुलं आणली नाहीत. रोज दारात उभी राहून विचारायची, “बाई, आज काय खेळू?”

“तुला आवडेल ते खेळ,” मी म्हणायची.

ती क्षणभर माझ्या चेहऱ्याकडे बघायची आणि जाऊन ठोकळे घ्यायची.