रुखवताचा रुमाल आणि बाबांचा रिसिव्हर

वास आला. मी किचनमध्ये कणीक मळत होते, आधी वाटलं तवा तापला. बघते तर गॅस पेटवलेलाच नाही. तशीच पिठाच्या हाताने बाहेर धावले तर माझी अडीच वर्षांची मुलगी टीव्हीसमोर बसलेली, पडद्यावर ससा नुसता तोंड हलवतोय, आणि ती मला म्हणते, "आई, आवाज गेला."

रिसिव्हरवर, म्हणजे ज्याच्यातून सगळे स्पीकर वाजतात त्या मशीनवर, मी रुमाल घातलेला. क्रोशाचा, माझ्या रुखवतातला, आईने कोपरीच्या घरात बसून विणलेला. तो उचलला तर चटका बसला. खाली मशीनवर आलेलं प्लास्टिक होतं, नवीन वस्तूचं प्लास्टिक कोण लगेच काढतं? ते वितळून झाकणाला चिकटलेलं, आणि त्यात रुमालाचं एक न् एक फूल उमटलेलं. पुढे लाल लाइट लुकलुकत होती. बटण दाबलं, टक् झालं, परत लाल. स्विच बंद केला, मुलीला उचललं, खाली ठेवलं, परत उचललं, काय करू सुचेचना. सासरे कटिंगला गेलेले. तासाभरात येणार होते आणि आल्या आल्या त्याच मशीनवर गाणं ऐकायला बसणार होते.

सासऱ्यांना मी बाबाच म्हणते. आम्ही शहाडला राहतो. बाबा तिथल्याच कंपनीत इलेक्ट्रिशियन होते, मागांच्या खात्यात, अख्खी नोकरी त्या खडखडाटात गेली. आता उजवा कान गेलाय आणि डावा चाललाय. डॉक्टर म्हणाले, किती दिवस टिकेल सांगता येत नाही. कानाचं मशीन आहे त्यांना, पण म्हणतात, "त्याच्यातून माणसं बरी ऐकू येतात गं, गाणं नाही. गाणं पत्रा वाजवल्यासारखं येतं." गाण्याचे वेडे आहेत ते. म्हणून आमचे हे, ते कतारला एसीच्या कामावर आहेत, त्यांनी गेल्या सुट्टीत एक प्लेअर आणला आणि शास्त्रीय गाण्याच्या आठ डिस्क. दिसायला साध्या सीडीसारख्या, पण आत पाच बाजूंचा आवाज वेगवेगळा भरलेला. गाणारा समोर, तबला बाजूला, तानपुरा मागे. तो नीट काढायला रिसिव्हर लागतो आणि पाच स्पीकर. ह्यांनी सांगितलं, मी पैसे पाठवतो, जास्त नाही जमणार, तेवढ्यात बसेल असा बघा.

बाबा मला म्हणाले, "तू जा."

मी म्हटलं, "बाबा, मला काय कळतंय त्यातलं? तुम्ही चला ना."

"दुकानातला माणूस बोलतो ते मला ऐकू येत नाही. मग तो ओरडतो. मग सगळं दुकान बघतं. तू जा, मी लिहून देतो."

आणि चिठ्ठी दिली. एचडीएमआयच्या वायरमधून आवाज आत घेतो का ते विचारणे, नुसतं चित्र टीव्हीकडे पाठवणारा नको. वॅटच्या आकड्याला भुलू नये, आपली खोली दहा बाय बाराची आहे. त्याऐवजी साउंडबार, म्हणजे टीव्हीखालचा एकच लांब स्पीकर, देतील, घेऊ नये. मी दहावीला दोनदा बसलेली बाई. ती चिठ्ठी मी पाढ्यासारखी पाठ केली, भांडी घासताना, पोरीला झोपवताना.

बाळकुमला माझी नणंद राहते. तिला कळलं तर फोनवर हसली. "वहिनी आणणार? बाबा, तिला मिक्सरचं भांडं बसवता येत नाही!" फोन स्पीकरवर होता, बाबांना ऐकू जावं म्हणून मीच ठेवलेला. मी पण हसले. काय करणार.

ठाण्याच्या मोठ्या शोरूममध्ये त्यांनी साउंडबारच दाखवला. तीन वेळा दाखवला. कल्याणला एका दुकानात जुना रिसिव्हर होता, भारी कंपनीचा, एकदम स्वस्तात, मागे एचडीएमआयची चार भोकं. माझं मन झालेलं. पण चिठ्ठी आठवली, विचारलं, "ह्याच्यातून आवाज आत जातो की नुसतं चित्र पुढे जातं?" दुकानदार माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "ताई, कोणी शिकवलं तुम्हाला? ह्याच्यात चित्रच जातं. आवाजाला वेगळी वायर लागेल आणि तुमच्या त्या डिस्कचा पाच बाजूंचा आवाज त्या वायरीतून यायचाच नाही." खरं सांगते, आयुष्यात माझ्याकडे कोणी असं बघितलं नव्हतं. मुलगी कडेवर, घामाने डबडबलेली, पण मी पायऱ्या उतरले ते राणीसारखी.

शेवटी डोंबिवलीत मिळाला. नवीन, सगळ्यात खालचं मॉडेल, पण आवाज आत घेणारा. शनिवारी त्यांचा माणूस येऊन बसवून गेला, एक-एक स्पीकर वाजवून दाखवला, टीव्हीचा आवाजही त्यातूनच येईल असं जोडून दिलं. जाताना म्हणाला, "वर काही ठेवू नका." मी म्हटलं नाही ठेवणार. मला वाटलं फुलदाणी वगैरे, देवाचा फोटो. रुमाल म्हणजे काही कुठे असतं? आमच्याकडे टीव्हीवर रुमाल, फ्रिजवर रुमाल, मिक्सरवर रुमाल. उघडी वस्तू बरी दिसते का?

पहिली डिस्क रविवारी लावायची ठरली. सकाळचा चहा झाल्यावर बाबा म्हणाले, "मी दाढी-कटिंग करून येतो. मशीन आधी चालू करून ठेव, जरा गरम होऊ दे." मैफिलीला निघाल्यासारखे. इस्त्रीचा शर्ट खुंटीवर काढून ठेवलेला. ते गेल्यावर मी सगळं पुसलं, रुमाल घातला, चारी टोकं सारखी केली आणि पोरीला कार्टून लावून दिलं.



डोंबिवलीच्या दुकानात फोन केला. दुकानदार म्हणाला, "वर कापड होतं का?"

मी म्हटलं, "नाही."

"घेऊन या. उघडल्यावर कळतंच."

उघडायची काय गरज, झाकणावर फुलं उमटलेली! मी रडायला लागले, मला बघून पोरगी रडायला लागली, आणि खाली गेटवर बाबांचा आवाज आला, वॉचमनशी बोलत होते. प्लेअरची वायर रिसिव्हरमधून उपटली आणि टीव्हीला लावली. एवढं मला येत होतं. आणि वितळलेलं झाकण, पुढची विझलेली लाइट दिसू नये म्हणून तोच रुमाल परत मशीनवर घातला.

बाबा आले, शर्ट बदलला, खुर्चीत बसले. कानातलं मशीन काढून डबीत ठेवलं. नात मांडीवर. "लाव," म्हणाले. मी डिस्क लावली, आवाज पार वर केला. टीव्हीच्या पोटातून ते गाणं असं आलं, डब्यात बसून कोणी गातंय असं. मी भिंतीला टेकून उभी, मागचा स्पीकर बरोबर माझ्या डोक्यावर, त्यातून हूं की चूं नाही. बाबांनी डोळे मिटलेले. मला वाटलं आता उघडतील, आता विचारतील.

बऱ्याच वेळाने त्यांनी हात वर केला आणि बोटाने मागे दाखवलं, माझ्या डोक्यावर.

"बघ," म्हणाले, "तानपुरा. मागून येतोय."

मी हो म्हटलं. ते ऐकू गेलं नसेल, म्हणून मान पण हलवली.

संध्याकाळी नणंदेला त्यांनी स्वतः फोन लावला. "तुझ्या वहिनीने काय मशीन आणलंय! तू हसलीस ना? ये ऐकायला." मी आत भांडी आवरत होते, दोन कप फोडले.

आता तीन रविवार झाले. बाबा ऐकतात, मी डिस्क लावते, रुमाल जागेवर आहे. मला कळत नाहीये. त्यांना खरंच मागून ऐकू आलं, म्हणजे डावा कान पण गेला आणि ते मनातलं ऐकतायत? की पहिल्याच सुराला कळलं होतं? जन्मभर मागांच्या मोटारी सांभाळलेल्या माणसाला चालू मशीनवरचा रुमाल दिसला नसेल?

दुरुस्तीला न्यायचा तर सांगावं लागेल. सांगितलं, आणि त्यांना खरंच कळलं नव्हतं, तर त्यांच्या कानाचं त्यांना माझ्याकडून कळणार. नाही सांगितलं तर उरलेला जो काय कान आहे तो टीव्हीच्या पत्र्यात संपणार, आणि हे सगळं त्यासाठीच तर आणलं होतं. ह्यांना पण सांगितलेलं नाही. उद्या परत रविवार आहे, बाबा शर्ट इस्त्रीला देऊन आलेत.

तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं? खरं सांगा, रुमाल काढला असता?