खटक्या आणि बाल्कनीचं दार

दुहेरी काचेच्या दाराचं हँडल वर उचललं, की आतली लांब पट्टी सरकते, वर-मध्ये-खाली लॉक एकदम लागतात आणि शेवटी एक बारीकसा खटका होतो. तो खटका कानावर पडल्याशिवाय हा दुरुस्तीवाला हत्यारांची पेटी आवरायचा नाही. गिऱ्हाईक म्हणायचं, "अहो, लागलं की दार!" हा मान हलवायचा. "लागलं, पण खटका कुठे आला?" आणि पुन्हा स्क्रू सोडत बसायचा. त्यावरूनच लोक त्याला खटक्या म्हणायला लागले. खरं नाव त्याच्या बायकोलाही फक्त रागावल्यावर आठवायचं.

कामाला माणूस चोख. ढिलं हँडल, त्यामागचा अडकलेला गिअरबॉक्स, बिजागरीवरून उतरलेला पल्ला, किल्ली फिरते पण कुलूप जागचं हलत नाही असं दार, काहीही असो, फोन आला की हा निघाला. दुरुस्तीने भागत असेल तर नवं दार कुणाच्या गळ्यात मारायचा नाही. पण जिभेला हाड नव्हतं. पाहुण्याला लोक बाहेरच्या खोलीत बसवतात, दुरुस्तीवाल्याला थेट आतपर्यंत नेतात. त्यामुळे कुणाचं अंथरूण कुठल्या खोलीत पडतं, कोण कुणाशी अबोला धरून आहे, कुणी कपाटाला दुहेरी कुलूप लावलंय, हे सगळं खटक्याला दिसायचं. आणि जे दिसायचं ते पेटीबरोबर बाहेर यायचं. हार्डवेअरच्या दुकानात प्लंबर, रंगारी, फरशीवाला सामानासाठी खोळंबलेले असत. त्यांच्यासमोर हा तिखटमीठ लावून एकेक घर उलगडायचा. टाळ्या पडायच्या. बायको म्हणायची, "जगाची कुलपं नीट करता, एखादं स्वतःच्या तोंडाला बसवा." तो ते हसण्यावारी न्यायचा.

चौकातल्या औषधांच्या दुकानात गोळ्या देणारी ताई सगळ्या वस्तीच्या ओळखीची होती. मितभाषी, आणि कुणाच्या आजाराबद्दल कधी चार लोकांत मोठ्याने बोलणार नाही, अशी. लग्न केलेलं नव्हतं; घरी ती आणि तिची म्हातारी आई. एके दिवशी तिने खटक्याला घरी बोलावलं. घर बरंच वरच्या मजल्यावर होतं.

"दादा, बाल्कनीच्या दाराचं हँडल नुसतं गरागरा फिरतंय. ते नीट करा आणि किल्लीशिवाय उघडणार नाही असं करा. आणि आतल्या खोलीच्या खिडकीचं हँडल काढूनच ठेवा."

"काढून? मग उघडणार कशी खिडकी?"

"उघडायची नाहीये," ताई घड्याळाकडे बघत म्हणाली. जेवणाच्या सुट्टीत धावतपळत आली होती. एरवी खोदून खोदून विचारणाऱ्या खटक्याने त्या दिवशी पुढे काही विचारलं नाही.

तो दारापाशी गुडघे टेकून बसला. आतली चौकोनी दांडी झिजून गोल झाली होती, म्हणून हँडल नुसतंच फिरत होतं. खोलीत खुर्चीवर म्हातारी बसली होती. मांडीवर एक टॉवेल. ती त्याची घडी घालायची, उलगडायची, पुन्हा घालायची. ताई स्वयंपाकघरात फोनवर बोलायला गेली, तशी म्हातारी उठून त्याच्याजवळ आली आणि वाकून कुजबुजली, "बाळा, आता उघडेल ना रे हे? सारखं बंद करून ठेवतात. जीव गुदमरतो माझा."

खटक्याचा हात थांबला. ज्या जिभेला कधी लगाम नव्हता ती टाळ्याला चिकटली. ताईला हाक मारून विचारता आलं असतं. पण दुसऱ्याच्या घरात आपण कशाला नाक खुपसायचं, असं त्याला नेमकं त्याच वेळी सुचलं. "उघडेल, आजी," तो म्हणाला. "लोण्यासारखं उघडेल बघा."

मग त्याने नवी दांडी घातली, हँडल बसवलं, किल्लीने लॉक लावून पाहिलं. खटका आला. आतल्या खिडकीचं हँडल काढून त्याने ते किल्लीबरोबर ताईच्या हातात दिलं. म्हातारी बघत होती. तिने पुढे येऊन हँडल दाबलं. पुन्हा दाबलं. मग खटक्याकडे एकदा बघितलं, चिडून नाही, रडवेलंही नाही, पत्ता चुकलेलं माणूस बघतं तसं, आणि खुर्चीत बसून टॉवेलची घडी घालायला लागली.

जिना उतरताना त्याचे कान तापले होते. आजवर चोर बाहेर राहावा म्हणून त्याने कुलपं बसवली होती. माणूस आत राहावा म्हणून बसवलेलं हे पहिलंच. आणि वर म्हातारीला थाप मारून आला होता.

लाज गिळणं अवघड असतं. दुसऱ्याच्या अंगावर झटकणं फार सोपं. हार्डवेअरच्या दुकानात पाऊल टाकलं आणि खटक्याचं तोंड सुटलं.

"ती औषधवाली ताई, गोड बोलून गोळ्या देते ना? घरी सख्ख्या आईला कोंडून ठेवते. खिडकीचं हँडलसुद्धा काढायला लावलं! म्हातारी माझ्यापुढे हात जोडत होती."

"मग? तू काय केलंस?" प्लंबरने विचारलं.

"मी काय करतो! तोंडावर सुनावलं. म्हटलं, ताई, हे पाप कुठे फेडाल?"

म्हातारीने हात जोडले नव्हते आणि याने ताईला चकार शब्द ऐकवला नव्हता. पण बोलता बोलता त्यालाच ते खरं वाटायला लागलं, आणि घरी जाईस्तोवर कानही निवले.

गोष्ट प्लंबरने घरी नेली, रंगाऱ्याने कामावर नेली. कर्णोपकर्णी होत ती ताईच्याच इमारतीत पोचली तेव्हा त्या गोष्टीत म्हातारी उपाशी होती आणि तिच्या अंगावर वळही होते. औषधांच्या दुकानात एक बाई सगळ्यांदेखत म्हणाली, "आम्हाला काय गोळ्या देता? आधी आईकडे बघा." काही लोक मुद्दाम पलीकडच्या दुकानात जायला लागले. ताईने कुणाला उलट उत्तर दिलं नाही. लोकांनी त्याचाही अर्थ लावला: खरं आहे, म्हणूनच गप्प आहे.

ताईच्या समोरच्या घरात राहणाऱ्या काकू मनाने मऊ. अडीनडीला असावी म्हणून ताईने घराची एक किल्ली त्यांच्याकडे ठेवलेली होती. ऐकलेलं त्यांच्या मनाला लागलं. एका दुपारी ताई कामावर असताना त्या आत गेल्या, शोधून शोधून बाल्कनीची किल्ली काढली, दार उघडलं आणि बाहेर खुर्ची टाकून म्हातारीला बसवलं. "घे बाई, जरा मोकळा वारा घे," म्हणाल्या. मग शेगडीवर ठेवलेलं दूध आठवलं म्हणून एवढ्याशा वेळासाठी घरी गेल्या.

परतल्या तर म्हातारी खुर्चीवर उभी होती. एक पाय कठड्यावर. खाली वाकून कुणाला तरी हाका मारत होती, "थांबा, जाऊ नका, आले मी!" खालून वॉचमन ओरडत होता. काकूंनी धावत जाऊन तिच्या कमरेला मिठी घातली आणि मागे ओढलं. तोल सावरायला त्यांनी दाराचं हँडल धरलं, ते मुळासकट निखळलं आणि दोघी आत कोसळल्या. म्हातारीचं मनगट मोडलं. जीव वाचला.

खटक्याला ताईचा फोन आला तेव्हा त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. "दादा, दार तुटलंय. आज याल?" एवढंच ती बोलली.

तो गेला. म्हातारीच्या हाताला प्लास्टर होतं. ताईने तुटलेलं हँडल त्याच्यापुढे ठेवलं आणि काय घडलं ते सांगितलं. बातमी वाचून दाखवावी तशा सुरात.

"बाबा खालून बोलावतात असं तिला वाटतं. बाबा जाऊन वर्षं झाली. मागच्या हिवाळ्यात ती पहिल्यांदा कठड्यावर चढली. तेव्हा मी घरात होते. पुढच्या खेपेला नव्हते, खालचे लोक ओरडले म्हणून कळलं. त्यानंतर तुम्हाला बोलावलं. कामावर गेल्याशिवाय तर चालत नाही. दुपारी सोबत कुणी मिळतंय का बघत होते. तोवर दार तरी बंद राहू दे म्हटलं."

खटक्याने ते तुटलेलं हँडल उचललं. "ताई, ते लोक जे बोलत होते..."

"कोण बोललं ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "खिडकीचं हँडल काढल्याचं तुम्ही सोडून कुणाला ठाऊक होतं?"

धरणीने पोटात घ्यावं असं लोक म्हणतात ते का, हे त्याला तेव्हा कळलं. तिने चार शिव्या घातल्या असत्या, पेटी जिन्यावरून भिरकावली असती, तर बरं झालं असतं. ती नुसती उभी होती.

"मग मलाच का बोलावलंत?" त्याने कसंबसं विचारलं.

"तुम्ही सगळं आधीच बघितलंय. आणखी एक परका माणूस घरात आणून आणखी एक गोष्ट गावभर करायची नाहीये मला."

ती भांडी घासायला निघून गेली. खटक्या कामाला लागला, पण हात आपले वाटत नव्हते. बाल्कनीचं दार नीट केलं. मग आतल्या खोलीत गेला. तिथली खिडकी दोन तऱ्हांनी उघडणारी होती. हँडल आडवं केलं की पल्ला दारासारखा पूर्ण उघडायचा. सरळ वर केलं की नुसता वरच्या बाजूने आत कलायचा आणि वाऱ्यापुरती फट पडायची. पूर्ण उघडण्याची सोय चौकटीतच अडकण बसवून बंद करता येते. मग हँडल म्हाताऱ्या माणसाच्या हाती दिलं तरी भीती नाही. काम तसं किरकोळच. पहिल्याच दिवशी झालं असतं. त्यासाठी फक्त "का हो ताई, खिडकी का उघडायची नाही?" एवढं तोंडातून निघायला हवं होतं. बाकी सगळं निघालं होतं.

त्याने अडकण बसवली, हँडल परत लावलं, खिडकी कलती केली. वारा आत आला. म्हातारीची खुर्ची त्याने खिडकीजवळ ओढून दिली. तिच्या कपाळावरचे पांढरे केस हलले. तिने त्याच्याकडे नीट निरखून बघितलं आणि एकदम तिच्या चेहऱ्यावर ओळख उमटली.

"भावजी! किती हा उशीर? हे केव्हाचे खाली ताटकळलेत. तुम्ही आणायला जाणार होतात ना?"

खटक्याने स्वयंपाकघराकडे पाहिलं. ताई पाठमोरी होती, नळ चालू होता.

"चुकलं, वहिनी," तो म्हणाला. "फार चुकलं माझं."

"नुसतं चुकलं म्हणून काय होतंय?" म्हातारी फणकारली. "माणसाने बोलताना विचार करावा."

ती कुणाबद्दल, कशाबद्दल बोलत होती कोण जाणे. नळ बंद झाला. ताई वळली नाही. थोड्या वेळाने तिचा आवाज आला, "झालं असेल तर हात धुऊन घ्या. साबण बेसिनवर आहे."

तिथून तो सरळ हार्डवेअरच्या दुकानात गेला. नेहमीची मंडळी होतीच. त्याने उभ्या उभ्या सांगितलं की त्या दिवशी मी खोटं बोललो, म्हातारीने हात जोडले नव्हते, मी ताईला काही सुनावलं नव्हतं, ती आईला जपत होती आणि माझ्या तोंडामुळे म्हातारी मरायचीच, जेमतेम वाचली. चहाडी सगळ्यांनी कान टवकारून ऐकली होती. खरं ऐकताना मात्र कुणाला खिळे निवडायचे होते, कुणाचा फोन वाजला.

"काय रे, ताईने दम दिला वाटतं?" प्लंबर हसला.

"आग असल्याशिवाय धूर निघत नाही," रंगारी म्हणाला.

"आग मीच लावली ना!" खटक्या ओरडला. दुकानदाराने विचारलं, "बरं, तुला काय हवंय? स्क्रू का?"

काकूंकडेही तो गेला. त्यांनी दार उघडलं; डोळे सुजलेले होते. "मला झोप लागत नाही हो," त्या म्हणाल्या. "मी मारलंच होतं तिला."

"तुम्ही नाही, काकू. मी."

"दोघांनी," त्या म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. पण दुसऱ्या दिवसापासून त्या दुपारचं विणकाम घेऊन म्हातारीच्या खोलीत बसायला लागल्या. ताईने त्यांना नको म्हटलं नाही.

मनगटाचं हाड जुळलं, जरासं वाकडं. दुकानाची काही गिऱ्हाइकं परत आली, काही आली नाहीत. भेटेल त्याला खटक्या खरी हकिकत सांगत राहिला, तरी कुठल्या ना कुठल्या जिन्यात जुनीच गोष्ट त्याला भेटायची, जास्तच सजलेली. तो मध्येच तोडून म्हणायचा, "ती गोष्ट मी बनवलेली आहे." लोक चमकून बघायचे आणि विषय बदलायचे.

अधूनमधून तो ताईच्या खिडकीच्या बिजागऱ्यांना तेल घालायला जातो. म्हातारी त्याला कधी भावजी म्हणते, कधी डॉक्टर, एकदा चोर म्हणाली. ताई दार उघडते, पाणी देते, कामापुरतं बोलते.

त्याचे गुडघे आता दुखतात. घराजवळ दुसरं औषधांचं दुकान आहे, पण तो मुद्दाम चौकातल्या दुकानात जाऊन रांगेत उभा राहतो. नंबर आला की ताई गोळ्यांची पट्टी पुढे सरकवते. "जेवणानंतर घ्या," म्हणते आणि मागच्या माणसाकडे बघते. दर वेळी तो ठरवून गेलेला असतो की आज मान वर करायची आणि "ताई, माफ करा" म्हणायचं, म्हातारीला सांगितलं तसं नाही, हिलाच, हिच्या तोंडाकडे बघून. आणि दर वेळी पट्टी खिशात घालून तो पायऱ्या उतरतो.