ट्रेलरची खांदमळण

माझा राग नाकावर असतो, आणि माझं नाक मोठं आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे घडलं त्यात लोखंडाचा दोष थोडा आणि माझ्या तोंडाचा फार.

मी मूळचा बोरी अरबचा. बाप बंडीच्या चाकांवर लोखंडी धावा चढवायचा. मी त्याच्याच हाताखाली घण मारायला शिकलो आणि त्याच्याशीच भांडून बाहेर पडलो. साठ सालानंतरची गोष्ट. आर्णीच्या वरच्या अंगाला एका नाल्यावर तलाव बांधायचं काम निघालं होतं. ठेकेदार नेरकडचा. त्यानं मला मिस्तरी म्हणून ठेवलं आणि वर्कशॉप दिलं. वर्कशॉप म्हणजे चार बल्ल्या आणि त्यांच्यावर टिन. पावसात आत आणि बाहेर सारखंच ओलं व्हायचं.

ठेकेदाराकडे एक डोझर होता आणि त्या डोझरचा त्याला फार गर्व होता. डोझरला रस्त्यानं चालवत नेता येत नाही. साखळ्या झिजतात आणि रस्ताही नांगरून निघतो. म्हणून त्याला ट्रेलरवर चढवायचं आणि ट्रेलर ट्रकनं ओढायचा. ट्रेलर लष्कराच्या लिलावातून आणलेला. ज्या साहेबांनी तो बनवला असेल त्यांनी डांबरी सडकेपलीकडे काही पाहिलं नसावं. मागं दोन आस, आणि दर आसाच्या दोन्ही बाजूंना कमानपाट्यांची एकेक गठडी, चेसिसला वेगवेगळी बांधलेली. सडकेवर ठीक. आमच्याकडे सडक म्हणजे दोन चाकोऱ्या आणि मध्ये वरंबा. त्यातून नाला आला की धोंडे. पुढचं चाक धोंड्यावर चढलं की मागचं हवेत लटकायचं, आणि सगळा डोझर पुढच्या पाट्यांवर बसायचा. दोन वेळा पाटे काडकन मोडले.

ठेकेदार म्हणाला, पाटे वाढवा. वाढवले. मग पाटे टिकले आणि चेसिसला तडा गेला. म्हणाला, चेसिसला पट्टी मारा. मी म्हटलं, शेठ, असंच मारत गेलो तर शेवटी पट्टी रस्त्यालाच मारावी लागेल. त्याला ते आवडलं नाही. त्यानं सगळा दोष ड्रायव्हरच्या हातावर टाकला आणि सर्वांसमोर सांगून टाकलं की आता काहीही झालं तर चावी टेबलावर ठेवायची आणि घरी जायचं.

ड्रायव्हर जवळच्या तांड्यावरचा गोर बंजारा माणूस. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान. अंगानं काटक, बोलायला मोजका. त्याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर गोण्या लादून मीठ आणि धान्य वाहायचे, लदनी करायचे. पुढं आगगाडी आली, बैलांचे तांडे बसले, आणि घरात उरली ती कोरडवाहू जमीन, भावाभावांत वाटलेली. हा पाच वर्षं क्लीनर राहिला, मग लायसन काढलं. अख्ख्या तांड्यात लायसनवाला तो एकटा. त्याची आई बायांना सांगायची की आमच्या घरात लदनी परत आली. नोकरी गेली असती तर तो उपाशी मेला नसता, पण भावाच्या वावरात भावाचाच मजूर झाला असता. हे त्यानंच मला एकदा बिडी ओढता ओढता सांगितलं होतं.

त्याच्या हातात काही दोष नव्हता. मी त्याच्या शेजारी बसून पाहिलं होतं. नाल्यात उतरताना तो ट्रक असा सोडायचा की मांडीवरचा चहा सांडू नये. दोष ट्रेलरच्या बांधणीत होता, आणि हे सांगून सांगून माझा घसा बसला. शेवटी चैत्रात मी डोक्यात राख घालून घेतली आणि ठेकेदाराला म्हटलं, पंधरा दिवस द्या, नाही तर दुसरा मिस्तरी बघा. त्यानं पंधरा दिवस दिले. दुसरा मिस्तरी मिळत नव्हता.

मी केलं ते फार काही मोठं नव्हतं. पाट्यांची गठडी एरवी दोन टोकांना चेसिसला टांगतात आणि मधोमध आस बांधतात. मी उलटं केलं. गठडी पालथी घातली, मधोमध एका जाड लोखंडी खुंट्यावर बसवली, खुंटा चेसिसला पक्का केला, आणि गठडीच्या एका टोकाला पुढचा आस, दुसऱ्या टोकाला मागचा. दोन्ही बाजूंना तसंच. आता पुढचं चाक धोंड्यावर चढलं की गठडी खुंट्यावर कलायची आणि मागचं चाक तेवढंच खाली दबायचं. चारही चाकं जमीन सोडायची नाहीत, आणि ओझं चौघांत वाटलं जायचं.

हे मी ड्रायव्हरला भुईवर काडीनं काढून समजावत होतो. तो उकिडवा बसून पाहत होता. अर्ध्यातच म्हणाला, "मिस्तरी, हे तं जूच हाय."

मी म्हटलं, अगदी जूच. दोन बैल, एक जू, एकानं खांदा उचलला की दुसऱ्याचा दबतो. मला त्या क्षणी त्याला मिठी मारावीशी वाटली, कारण ठेकेदाराला हीच गोष्ट तीनदा सांगूनही कळली नव्हती. तेव्हापासून आम्ही दोघंही त्या गठडीला जूच म्हणायला लागलो. वर्कशॉपमध्ये सगळे तसंच म्हणायला लागले.

पावसाआधी दोन खेपा झाल्या. डोझर चढवून ट्रेलर नाल्यातून गेला, धोंड्यांवरून गेला, आणि काहीही मोडलं नाही. ठेकेदार दुसऱ्या खेपेला नाल्याच्या काठावर उभा राहून पाहत होता. म्हणाला, आता ड्रायव्हर नीट चालवायला लागला. मी काही बोललो नाही. म्हणजे बरंच बोललो, पण तो गेल्यावर.

एकच गोष्ट होती. जू बोंबलायचं. पाटे जुने, गंजलेले. खाचखळग्यातून जाताना एकमेकांवर घासायचे आणि अशी किंचाळी निघायची की रस्त्याकडेच्या वावरातली माणसं वर बघायची. ड्रायव्हरला ते सहन व्हायचं नाही. दर खेपेला खाली उतरून वाकून बघायचा. तलावावर पोचलो की पुन्हा बघायचा. एकदा भर दुपारी, मी ट्रकच्या गिअरबॉक्समध्ये कोपरापर्यंत हात घातलेला, घामानं डोळे चुरचुरताहेत, आणि हा येऊन उभा राहिला.

"मिस्तरी, जू लय बोंबलून राह्यलं. त्याले दुखते वाट्टे."

मी मान वर न करता म्हटलं, "दुखते तं खांदा चोळ ना त्याचा! पोळा येऊन राह्यला."

तो बरं म्हणाला आणि गेला. मी गिअरबॉक्समध्ये परत घुसलो. पाच मिनिटांत विसरूनही गेलो. माझ्या तोंडून दिवसाला अशी वीस वाक्यं जायची आणि कोणी ती मनावर घेत नसे. पण हा मनावर घेणारा माणूस होता, हे मला तीन वर्षांत कळायला हवं होतं.

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी खांदमळण असते. वर्षभर जू ओढून बैलाचा खांदा घासून सोलवटलेला असतो. त्याला न्हाऊ घालतात, लोण्यात हळद कालवतात आणि पळसाच्या पानानं खांद्याला चोळतात. मग त्याच्या कानाशी म्हणतात, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. पोळ्याच्या दिवशी त्याच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. त्या वर्षी खांदमळणीला मी गावी गेलो होतो.

पोळ्यानंतर पावसानं उघाड दिली. तलावात पाणी चढत होतं आणि सांडवा अर्धाच कापून झाला होता. पाऊस परत लागला असता तर पाणी मातीच्या बांधावरून गेलं असतं. डोझर साखळी दुरुस्तीला वर्कशॉपवर आणलेला होता. ठेकेदार म्हणाला, आजच्या आज तलावावर पाहिजे. आम्ही डोझर चढवला, साखळदंड आवळले आणि सकाळीच निघालो. मी कॅबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी.

जू गप्प होतं. एक कोस गेलो, दीड कोस गेलो, किंचाळी नाही. मला बरं वाटलं. म्हटलं, पाटे बसले आता एकमेकांवर. ड्रायव्हर समोर बघून हसत होता. मी विचारलं, काहून हसून राह्यला बे. तो म्हणाला, काही नाही.

नाल्याच्या उतारावर मी पहिल्यांदा मागं वळून पाहिलं. एरवी खड्डा आला की ट्रेलर एकदा दबायचा, एकदा उठायचा आणि थांबायचा. आता तो थांबेना. दबला, उठला, पुन्हा दबला, पुन्हा उठला, आणि मग डावी-उजवीकडे पाळण्यासारखा झुलायला लागला. ड्रायव्हरनं वेग आणखी कमी केला. त्याहून कमी केला असता तर ट्रक बंदच पडला असता. डावीकडचं चाक धोंड्यावर चढलं, ट्रेलर उजवीकडे झुकला, परत यायच्या ऐवजी आणखी झुकला, एक साखळदंड तुटला, आणि डोझर हळूच, अगदी झोपायला आल्यासारखा, नाल्याच्या चिखलात कुशीवर पडला. ट्रेलर त्याच्यामागं कलंडला. ट्रक उभाच राहिला. कोणाला खरचटलंसुद्धा नाही.

मी उतरून कलंडलेल्या ट्रेलरच्या पोटाशी गेलो. पाटा एकही मोडलेला नव्हता. सगळे पाटे पिवळे होते. बोट लावलं तर बोट घसरलं. वास घेतला. लोणी आणि हळद, त्यावर वर्कशॉपचं ग्रीस. आणि फटींमध्ये पळसाच्या पानाचे तुकडे अडकलेले. खांदमळणीच्या संध्याकाळी ड्रायव्हरनं जॅक लावून चेसिस उचलला होता, ओझं सुटल्यावर पाट्यांच्या फटी उघडल्या, आणि प्रत्येक फटीत चोळून चोळून लोणी भरलं होतं. मन लावून केलेलं काम होतं. माझ्या हातानं इतकं नीट झालं नसतं.

तिथं चिखलात उभं राहून मला ते कळलं, जे जू बनवताना मलाही माहीत नव्हतं. ते किंचाळणं म्हणजेच कासरा होता. पाटे कोरडे घासत होते म्हणून उडी एका झटक्यात मरत होती. घासणं संपलं, आणि झुलणं थांबवायला काहीच उरलं नाही. मी बनवलेलं जू गंजाच्या भरवशावर उभं होतं, आणि मी मोठा शहाणा समजत होतो स्वतःला.

ठेकेदार जीपमधून आला. त्यानं आधी डोझर पाहिला, मग पाटे पाहिले. माझ्यासारख्या लोहाराच्या पोराला जे कळतं ते त्यालाही दिसलं, पिवळं लोणी लपत नाही. त्यानं ड्रायव्हरला विचारलं, हे काय आहे. ड्रायव्हरनं सांगितलं की खांदमळण केली, जुवाचा खांदा दुखत होता.

आजूबाजूच्या वावरातली दहा-बारा माणसं जमली होती. कोणीतरी हसलं.

"हे कोनं सांगतलं तुले?" ठेकेदारानं विचारलं.

ड्रायव्हरनं माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. बैल वळवताना माणूस मागं पाहतो, तेवढंच. माझ्या तोंडाला तोवर आयुष्यात कधी कुलूप लागलं नव्हतं. बापासमोर लागलं नाही, ठेकेदारासमोर लागलं नाही. त्या दिवशी लागलं. मी फडक्यानं बोटं पुसत होतो.

"कोनी नाई, शेठ," तो म्हणाला. "आमच्यात करतेत."

त्यानं ट्रकमध्ये चढून चावी काढली. तिथं टेबल नव्हतं, म्हणून जीपच्या बॉनेटवर ठेवली. मग चपला हातात घेऊन नाला ओलांडला आणि तांड्याच्या वाटेला लागला.

डोझर उभा करायला बैलांच्या बारा जोड्या लागल्या. पोळ्याचे रंग अजून त्यांच्या शिंगांवर होते. सांडवा मजुरांनी पहारींनी कापला आणि तलाव वाचला. मी पाटे रॉकेलनं धुतले, कोरडे केले, आणि खुंट्याजवळ दोन्ही बाजूंना लाकडाचे गुटके असे आवळले की त्यांच्यावर घासून उडी मरावी. आता गंजाचा भरवसा नको होता. ट्रेलर पुन्हा कधी कलंडला नाही. दुसऱ्या ठेकेदारांची माणसं येऊन माझं जू पाहून गेली, दोघांनी तसंच बनवून घेतलं. ठेकेदार मला चहा देऊन बसवायला लागला. नवा ड्रायव्हर चांगला होता. धोंडा पाहून चालवत नसे, पण जू सांभाळून घ्यायचं.

मला वर्षभर जेवण गोड लागलं नाही, असं म्हणणार नाही. लागत होतं. पण पाटे किंचाळले की मी काम सोडून लांब जाऊन उभा राहायचो.

दुसऱ्या वर्षी खांदमळणीच्या संध्याकाळी मी तांड्यावर गेलो. तो भावाच्या गोठ्यात भावाच्या बैलांचे खांदे चोळत होता. मला पाहून त्यानं हातातली वाटी पुढं केली. मी लोणी घेतलं आणि पलीकडच्या बैलाचा खांदा चोळायला लागलो.  

"ते मीच म्हटलं होतं," मी म्हणालो. "खांदा चोळ म्हणून."

"हो," तो म्हणाला. "तुमीच म्हनले होते."

त्यानं पानावर आणखी लोणी घेतलं.

"हे त्या दिवशी सांगाचं होतं, मिस्तरी."

त्याच्या आवाजात राग नव्हता.  मग तो एका बैलाच्या कानाशी वाकला, आज आवतन घ्या, उद्या जेवायले या, असं म्हणाला. दुसऱ्या बैलालाही तसंच म्हणाला. मला काही म्हणाला नाही. मी रांजणातल्या पाण्यानं हात धुतले आणि आर्णीची वाट धरली.